पहिलं मोबाइल ॲप करताना: ठाणे–नवी मुंबईतल्या नवशिक्यांचे नेहमीचे प्रश्न

रविवारी सकाळी ठाण्यात आम्ही काही जण नवशिक्यांसोबत बसतो आणि त्यांचं पहिलं ॲप त्यांच्याच हातून पूर्ण करून घेतो. येणाऱ्यांत कॉलेजची मुलं असतात, बँकेतून निवृत्त झालेले काका असतात, ऐरोली-महापेला सपोर्टची नोकरी करता करता स्वतः काही बनवायचं ठरवलेल्या मुली असतात. प्रश्न मात्र बहुतेक तेच, म्हणून ते इथे उत्तरांसह लिहून ठेवले आहेत. आमचा आग्रह एकच: पहिलं ॲप इतकं लहान ठेवा की ते पूर्ण होईल, आणि ओळखीच्या एका तरी माणसाच्या फोनमध्ये जाऊन रोज वापरलं जाईल.

कोडिंग कधीच केलेलं नाही, वय चाळिशीच्या पुढे. जमेल का?

जमेल. एक्सेलमध्ये 'अमुक रकाना रिकामा असेल तर शून्य दाखव' असं सूत्र तुम्ही लिहिलं असेल, तर विचाराची ही पद्धत तुमच्या ओळखीची आहे. अडचण वयाची नसते, खंड पडण्याची असते. फक्त रविवारी सहा तास बसणाऱ्यापेक्षा रोज पाऊण तास बसणारा पुढे जातो, कारण आठवडाभराच्या खंडानंतर आपण आधी काय लिहिलं होतं तेच पुन्हा वाचत बसावं लागतं.

पहिलं ॲप कशाचं करू? माझ्या डोक्यात घरपोच जेवण मागवायचं मोठं ॲप आहे.

ते एक ॲप नाही. ग्राहकाचं वेगळं, हॉटेलवाल्याचं वेगळं, डिलिव्हरीवाल्याचं वेगळं, या सगळ्यांवर लक्ष ठेवणारं ऑफिसचं वेगळं. शिवाय सर्व्हर, नकाशा, पैसे घेण्याची सोय. एकट्या नवशिक्याने ते सुरू केलं की लॉगिनच्या स्क्रीनवरच महिना जातो आणि काम तिथेच थांबतं.

त्याऐवजी आजूबाजूला बघा. नौपाड्यात, कोपरीत, कोपरखैरण्यात घरगुती डबे देणाऱ्या काकू गल्लोगल्ली आहेत. त्यांचा महिन्याचा हिशोब बऱ्याचदा भिंतीवरच्या कॅलेंडरवर असतो: ज्या दिवशी डबा नको, त्या तारखेला त्या नावाची फुली. महिनाअखेर खाडे मोजायचे, उरलेल्या दिवसांना दराने गुणायचं आणि प्रत्येकाला व्हॉट्सॲपवर आकडा पाठवायचा. डब्यांचा हिशोब ठेवणारं ॲप हा पहिल्या ॲपसाठी उत्तम विषय आहे. या पानावर पुढे तेच उदाहरण धरलं आहे.

अशा काकूंपाशी अर्धा तास बसून नुसतं ऐका. खाडा आदल्या रात्रीपर्यंत कळवला तरच धरायचा, सकाळी आठला फोन आला तर नाही. कुणाचा पूर्ण डबा, कुणाचा फक्त पोळीभाजीचा. एखाद्याला शनिवारी दोन पोळ्या जास्त. गणपतीत काकूच चार दिवस बंद. आणि सगळ्यांत महत्त्वाचं, एक तारखेपासून दर वाढला तर मागच्या महिन्याचं बिल बदलायला नको. शेवटच्या या एका वाक्यावरून तुमच्या डेटाची रचना ठरते: दर ग्राहकाच्या नावापुढे एकदाच लिहून भागत नाही, त्या त्या दिवसाच्या नोंदीबरोबर त्या दिवशीचा दर साठवावा लागतो. हे कुठल्याही कोर्समध्ये सांगत नाहीत, काकू सांगतात.

पहिल्या आवृत्तीत तीनच स्क्रीन ठेवा. ग्राहकांची यादी, आजचे खाडे, महिन्याचं बिल. लॉगिन नको, ऑनलाइन पेमेंट नको, डार्क थीमसुद्धा नको.

डब्यांचा विषय नको असेल तर सोसायटीतल्या भिशीचा हिशोब, ढोल-ताशा पथकाच्या सरावाची हजेरी, वाचनालयातून आणलेली पुस्तकं परत करायची आठवण, असं काहीही चालेल. टीएमटी किंवा एनएमएमटीच्या बसच्या वेळा दाखवणारं ॲप जवळजवळ प्रत्येकाला सुचतं. ते पहिलं म्हणून घेऊ नका, कारण त्यातली माहिती तुमच्या हातात नसते. वेळापत्रक बदललं की तुमचं ॲप खोटं बोलायला लागतं आणि त्यावर तुमच्याकडे काही उपाय नसतो.

कोड लिहिण्याआधी काय करायचं?

कागदावर स्क्रीन काढा. पेन्सिलीने, फोनच्या आकाराचे चौकोन करून. मग तो कागद काकूंपुढे ठेवा आणि म्हणा, 'देशपांड्यांचा उद्याचा खाडा टाका.' काकू बोट कुठे नेतात ते बघा. बोट अडखळलं तर स्क्रीन चुकली आहे, काकू नाही. कागदावरची स्क्रीन खोडायला एक मिनिट लागतं, कोडमधली बदलायला दोन संध्याकाळी जातात.

लॅपटॉप कसा हवा?

अँड्रॉइड ॲप बनवायचं सॉफ्टवेअर म्हणजे अँड्रॉइड स्टुडिओ. ते फुकट आहे, पण जड आहे. ८ जीबी रॅमवर ते चालतं, मात्र जोडीला एमुलेटर (लॅपटॉपच्या पडद्यावर चालणारा नकली फोन) सुरू केला की लॅपटॉप रखडायला लागतो. नवा घेणार असाल तर १६ जीबी रॅम आणि एसएसडी या दोन गोष्टी आधी बघा.

जुना ८ जीबीचाच असेल तर एमुलेटरच्या नादी लागू नका, स्वतःचा फोन केबलने जोडा. फोनच्या सेटिंग्जमध्ये 'अबाउट फोन'मध्ये 'बिल्ड नंबर' असतो (काही फोनमध्ये तो आणखी एक पायरी आत, 'सॉफ्टवेअर इन्फर्मेशन'मध्ये असतो). त्यावर सात वेळा टॅप केलं की डेव्हलपर ऑप्शन्स उघडतात. तिथे यूएसबी डिबगिंग सुरू करा. फक्त चार्जिंगपुरती असलेली केबल चालत नाही, डेटा जाणारी लागते. फोन दिसतच नाही म्हणून हैराण झालेल्या अनेकांची अडचण नुसती केबल बदलून सुटते.

कोटलिन, फ्लटर की रिॲक्ट नेटिव्ह?

ही तिन्ही ॲप लिहायची साधनं. निवडताना ज्याच्यासाठी ॲप करताय त्याच्या हातातला फोन बघा. काकूंचा फोन अँड्रॉइड असेल तर कोटलिन ही भाषा आणि तिच्यात स्क्रीन बनवायचं जेटपॅक कंपोज हे साधन घ्या. गूगलने २०१७ मध्ये कोटलिनला अँड्रॉइडसाठी अधिकृत पाठिंबा दिला आणि २०१९ पासून त्यालाच पहिली पसंती दिली, त्यामुळे नवं शिक्षणसाहित्य त्यातच येतं. अँड्रॉइड आणि आयफोन दोन्ही हवेत असतील तर फ्लटर चांगलं आहे; त्याची भाषा डार्ट. वेबसाइटचं काम करून जावास्क्रिप्ट हातात बसली असेल तर फेसबुकने २०१५ मध्ये खुलं केलेलं रिॲक्ट नेटिव्ह सोपं जाईल.

तिन्हींपैकी काहीही निवडा, पण पहिलं ॲप पूर्ण होईपर्यंत बदलू नका. दर पंधरा दिवसांनी नवा व्हिडिओ बघून भाषा बदलणाऱ्यांचं एकही ॲप पूर्ण झालेलं आम्ही पाहिलेलं नाही.

आधी जावा शिकून घेऊ का?

जावा ही अँड्रॉइडची आधीची भाषा. ती आधी शिकायची गरज नाही, थेट कोटलिन शिका.

ठोकळे जोडून ॲप करायचं साधन आहे म्हणे. ते खरं प्रोग्रामिंग आहे का?

हो, खरंच आहे. एमआयटी ॲप इन्व्हेंटर हे मुळात गूगलमध्ये तयार झालं आणि पुढे एमआयटीकडे गेलं. ब्राउझरमध्ये चालतं, फुकट आहे, आणि साध्या लॅपटॉपवरही चालतं. शाळेतल्या मुलांना आम्ही तिथूनच सुरू करायला सांगतो. 'बटण दाबलं की हे कर', 'यादीतल्या प्रत्येकासाठी ते कर' हा विचार तिथे पक्का होतो. मोठ्या यादीचं आणि नीट शोधाचं काम मात्र त्यात अवघड जातं, तेव्हा पुढे कोटलिनकडे वळावं लागेल.

एआयकडून सगळा कोड लिहून घेतला तर?

मदत जरूर घ्या. पण एक अट स्वतःला घाला: जी ओळ समजली नाही ती ॲपमध्ये ठेवायची नाही. एआयलाच विचारा ती काय करते, मग ती काढून टाकून बघा काय बिघडतं. नुसता चिकटवलेला कोड पहिल्या दिवशी चालतो. दहाव्या दिवशी काकू सांगतात की बिल दहा रुपयांनी चुकतंय, आणि कुठे बघायचं हेच आपल्याला ठाऊक नसतं. हिशोबाचा भाग तर स्वतःच लिहा. तो लहान असतो आणि सगळी जबाबदारी त्याच्यावरच असते. पैसे दशांश अपूर्णांकात साठवू नका, कारण संगणक दशांश संख्या ज्या फ्लोट प्रकारात ठेवतो त्यात ०.१ अचूक बसत नाही. प्रत्येक रक्कम रुपयांऐवजी पैशांत, म्हणजे पूर्णांकात ठेवा आणि दाखवताना रुपये करा.

माहिती कुठे साठवायची? फायरबेस लागेलच ना?

फायरबेस म्हणजे माहिती इंटरनेटवर साठवायची गूगलची सेवा. डब्याच्या हिशोबाला ती लागत नाही. माहिती एकाच फोनमध्ये राहणार असेल तर अँड्रॉइडमध्ये आधीपासून असलेला एसक्यूलाइट डेटाबेस पुरतो, आणि त्याच्याशी बोलायला रूम ही लायब्ररी, म्हणजे तयार कोडचा संच, वापरायची. शिवाय ॲप नेटशिवाय चालतं. सोसायटीच्या बेसमेंटमध्ये, लिफ्टमध्ये, गर्दीच्या लोकलमध्ये नेट जातं, आणि नेमका तेव्हाच कुणाचा तरी 'उद्या डबा नको' म्हणून फोन येतो. गोल फिरणारं चक्र बघायला लावणारं ॲप काकू दोन दिवसांत बंद करतील आणि पुन्हा कॅलेंडरकडे वळतील.

दोन फोनवर एकच हिशोब दिसायला हवा, असं काकूंच्या मुलीने सांगितलं की फायरबेसचा विचार करा. तोपर्यंत नको.

ॲप मराठीत करायचं आहे. काय सांभाळायचं?

या प्रश्नाला आम्ही सर्वांत जास्त वेळ देतो, कारण ॲप शिकवणारे इंग्रजी धडे यातलं काहीच सांगत नाहीत.

पहिली गोष्ट, स्क्रीनवरची कुठलीही अक्षरं कोडमध्ये थेट लिहू नका. ती स्ट्रिंग रिसोर्सच्या, म्हणजे फक्त मजकूर ठेवायच्या वेगळ्या फाइलमध्ये ठेवा, म्हणजे मराठीसाठी वेगळी फाइल देता येते. बटणावर काकूंच्या तोंडचेच शब्द लिहा: 'खाडा टाका', 'बिल पाठवा'.

दुसरी, उंची. देवनागरीत वर वेलांटी, रफार, अनुस्वार आणि खाली उकार, ऋकार येतात. इंग्रजीसाठी मोजून ठेवलेल्या चौकटीत 'कुर्ल्यातून'चे उकार आणि रफार कापले जातात. चौकटीला ठरावीक उंची देऊ नका, मजकुराप्रमाणे वाढू द्या. मग फोनच्या सेटिंग्जमध्ये अक्षरं सर्वांत मोठी करून प्रत्येक स्क्रीन तपासा. साठीच्या पुढची माणसं फोन तसाच वापरतात.

तिसरी, आकडे. हा घोळ फार छुपा आहे. फोनची भाषा मराठी असेल तर तारीख किंवा संख्या मजकुरात बदलताना अँड्रॉइड देवनागरी आकडे देऊ शकतं. स्क्रीनवर ते छान दिसतं, पण तोच मजकूर तुम्ही डेटाबेसमध्ये तारीख म्हणून साठवला असेल तर इंग्रजी फोनवर साठवलेल्या तारखेशी तो जुळत नाही आणि महिन्याचं बिल शून्य येतं. दाखवायचं रूप आणि साठवायचं रूप वेगळं ठेवा. साठवताना लोकलडेट हा तारखेचा तयार प्रकार वापरा किंवा लोकेल (भाषा-प्रदेशाची निवड) स्वतः ठरवून द्या, फोनवर सोपवू नका.

चौथी, शोध. 'ॲ' हे अक्षर यूनिकोडमध्ये, म्हणजे प्रत्येक अक्षराला क्रमांक देणाऱ्या प्रमाण यादीत, २००८ साली स्वतंत्रपणे आलं. त्याआधीपासून आणि अजूनही अनेक कीबोर्ड 'अ'ला चंद्र जोडून ते लिहितात. दिसायला दोन्ही सारखी, संगणकाला निराळी. 'कुऱ्हाडे' या आडनावातला अर्धा रसुद्धा दोन तऱ्हांनी लिहिला जातो, आणि त्यातल्या एका तऱ्हेत न दिसणारं एक जोडचिन्ह असतं. काकूंनी एका कीबोर्डवर नाव भरलं आणि त्यांच्या मुलीने दुसऱ्या कीबोर्डवर शोधलं तर 'सापडलं नाही' असं येतं. सारखी अक्षरं एकाच रूपात आणायची यूनिकोडची ठरलेली पद्धत (नॉर्मलायझेशन) या दोन्ही ठिकाणी पुरेशी पडत नाही. नाव साठवताना आणि शोधताना, दोन्ही वेळा, अशा जोड्या एकाच रूपात बदलणारं छोटं फंक्शन स्वतः लिहा. दहा-पंधरा ओळींचं काम आहे आणि मराठी ॲपसाठी ते फार मोलाचं आहे.

फोन आडवा केला की भरलेलं सगळं पुसलं जातं. फोन खराब आहे का?

फोन ठीक आहे. अँड्रॉइड फोन आडवा होताच ती स्क्रीन मोडून नव्याने उभी करतं, त्यामुळे तिच्यात तात्पुरतं ठेवलेलं जातं. कंपोजमध्ये 'रिमेंबर'ऐवजी 'रिमेंबरसेव्हेबल' वापरा, आणि स्क्रीनपेक्षा जास्त टिकायला हवी अशी माहिती व्ह्यूमॉडेलमध्ये, म्हणजे स्क्रीनच्या बाहेर ती धरून ठेवणाऱ्या भागात ठेवा.

लाल अक्षरांत पानभर एरर येते. काय वाचायचं?

लॉगकॅटमध्ये (अँड्रॉइड स्टुडिओतल्या नोंदींच्या खिडकीत) 'कॉज्ड बाय'ने सुरू होणारी शेवटची ओळ शोधा. तिच्याखाली तुमच्या स्वतःच्या फाइलचं नाव आणि ओळीचा नंबर जिथे पहिल्यांदा दिसतो तिथे जा. बाकीच्या ओळी अँड्रॉइडच्या पोटातल्या असतात. आणि रोजचं काम गिटमध्ये (कोडमधल्या प्रत्येक बदलाची नोंद ठेवणाऱ्या साधनात) साठवत जा, म्हणजे काल चालत होतं ते आज कशामुळे बिघडलं हे दिसतं.

क्लास लावू का?

आधी गूगलचा 'अँड्रॉइड बेसिक्स विथ कंपोज' हा फुकट कोर्स निम्मा करून बघा. त्यातलं इंग्रजी सोपं आहे. त्यात गोडी लागली आणि एकट्याने अडखळायला होतंय असं वाटलं, तर क्लासचा उपयोग होईल. पैसे भरण्याआधी तिथल्या जुन्या विद्यार्थ्यांनी केलेलं एखादं ॲप फोनवर उघडून दाखवायला सांगा. नुसती प्रमाणपत्रं दाखवली तर तिथून निघून या.

घरी जागा नसेल, कल्ला असेल, तर वाचनालय शोधा. ठाण्याचं मराठी ग्रंथसंग्रहालय १८९३ पासूनचं आहे; आपल्या शहराला बसून शिकण्याची सवय जुनी आहे.

प्ले स्टोअरवर टाकायला किती खर्च?

खात्याचे एकदाच २५ डॉलर, म्हणजे दोन हजार रुपयांच्या पुढे. खातं उघडताना ओळखीची पडताळणी होते. १३ नोव्हेंबर २०२३ नंतर उघडलेल्या वैयक्तिक खात्यांना आणखी एक नियम आहे: सर्वांसाठी ॲप खुलं करण्याआधी किमान १२ जणांनी सलग १४ दिवस क्लोज्ड टेस्टमध्ये, म्हणजे निवडक लोकांपुरत्या चाचणीत राहिलं पाहिजे. आधी हा आकडा २० होता. म्हणून बारा माणसं आधीच गोळा करा, चौदा-पंधरा घेतलेली बरी, कारण मध्येच एखादा बाहेर पडतो. सोसायटीचा ग्रुप, ऑफिसातली डब्याची टोळी, आत्या, मामा, सगळ्यांना घ्या. आणि नुसतं नाव नोंदवू नका, खरंच वापरायला सांगा.

ॲपचं पॅकेज नेम (फोन आणि स्टोअर ॲप ज्याने ओळखतात ते आतलं नाव) एकदा स्टोअरवर गेलं की बदलता येत नाही, तेव्हा 'टेस्ट१' असलं काही ठेवू नका. ॲप तुमचंच आहे हे दाखवणारी डिजिटल सही करायची की-फाइल आणि तिचा पासवर्ड दोन ठिकाणी जपून ठेवा.

काकूंच्या एका फोनपुरतं ॲप असेल तर स्टोअरची गरजच नाही. त्यांचा फोन केबलने जोडून स्वतः ॲप टाकून द्या. एपीके, म्हणजे ॲप बसवायची फाइल, व्हॉट्सॲपवर पाठवून 'यावर क्लिक करा' असं मात्र सांगू नका. याच वाटेने लोकांची बँक खाती रिकामी झाली आहेत. अनोळखी एपीकेला घाबरायची जी सवय त्यांना लागली आहे ती आपण मोडता कामा नये.

आयफोनसाठी?

दर वर्षी ९९ डॉलर, आणि आयफोनची ॲप बनवायचं सॉफ्टवेअर एक्सकोड चालवायला मॅक. पहिल्या ॲपसाठी आम्ही तो खर्च करायला सांगत नाही.

ग्राहकांचे फोन नंबर ॲपमध्ये आहेत. कायद्याचं काय?

प्ले स्टोअरला प्रायव्हसी पॉलिसी प्रत्येक ॲपसाठी लागते, माहिती कुठेही पाठवत नसलात तरी. आपल्याकडे २०२३ मध्ये डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा झाला आहे. त्यामागचा विचार मनापासून पाळण्यासारखा आहे: ज्या कामासाठी माहिती घेतली त्याच कामासाठी वापरायची, आणि लागते तेवढीच घ्यायची. डबा पोचवायला नाव, पत्ता, नंबर लागतो. जन्मतारीख लागत नाही.

परवानग्याही कमीत कमी मागा. बिल व्हॉट्सॲपवर पाठवायला संपर्कांची किंवा एसएमएसची परवानगी लागतच नाही, अँड्रॉइडची शेअरची साधी सोय पुरते.

यातून नोकरी मिळेल का?

एका ॲपवर कुणी लगेच नोकरी देईल असं सांगणं खोटं ठरेल. पण महापे, ऐरोली किंवा वागळे इस्टेटमधल्या मुलाखतीत 'हे ॲप कोण वापरतं' या प्रश्नाला 'कोपरीतल्या एक काकू, रोज' असं उत्तर देता आलं, तर पुढचं बोलणं वेगळं होतं. दर बदलला तेव्हा काय केलं, 'कुऱ्हाडे' का सापडत नव्हते, हे तुम्ही स्वतः सोडवलेलं असतं आणि ते बोलताना कळतं.

ॲपमध्ये सुधारणा करायची आहे. काकूंचा आधीचा हिशोब उडेल का?

नीट केलं तर नाही. तीन गोष्टी सांभाळा.

जुनं ॲप काढून नवं टाकू नका, काढलं की त्यातला डेटा जातो. नवी आवृत्ती जुन्याच्या वरच टाकायची, आणि त्यासाठी दोन्हींची सही एकच लागते. तुमच्या लॅपटॉपवरून केबलने टाकलेल्या डिबग (चाचणीच्या) आवृत्तीवर मित्राच्या लॅपटॉपवरून केलेली आवृत्ती बसत नाही, कारण दोघांच्या डिबग की वेगळ्या असतात.

डेटाबेसमध्ये नवा रकाना वाढवला तर रूमला मायग्रेशन, म्हणजे जुना डेटा नव्या रचनेत कसा न्यायचा ते लिहून द्यावं लागतं. दिलं नाही तर ॲप उघडताच बंद पडतं. तेव्हा इंटरनेटवर 'फॉलबॅक टू डिस्ट्रक्टिव्ह मायग्रेशन' ही एक ओळ टाकायचा सल्ला मिळतो आणि ॲप खरंच चालू होतं, कारण ती ओळ जुना सगळा डेटा पुसून टाकते. ती काकूंच्या फोनसाठी कधीही वापरू नका.

आणि 'हिशोब बाहेर काढा' हे बटण पहिल्याच आवृत्तीत द्या. सगळ्या नोंदी एका सीएसव्ही फाइलमध्ये (स्वल्पविरामांनी रकाने पाडलेल्या साध्या मजकुरात) लिहून ती शेअर करता आली पाहिजे. फाइल यूटीएफ-८ या यूनिकोडच्या पद्धतीत लिहा आणि सुरुवातीला ती पद्धत ओळखू यावी म्हणून बीओएम हे न दिसणारं चिन्ह ठेवा. ते नसेल तर तीच फाइल एक्सेलमध्ये थेट उघडल्यावर मराठी नावांच्या जागी विचित्र चिन्हं दिसू शकतात.